११४ वर्षे टिकणारी वस्तू

माठ घेताना आपण तो बोटाच्या पेरानं वाजवून बघतो. हार्ड डिस्कच्या बाबतीत ही सोय नाही. लॅमिंग्टन रोडवर एका गृहस्थांना मी डिस्क कानाशी धरून हलवताना पाहिलं आहे. दुकानदार काउंटरवरून अर्धा बाहेर झेपावला आणि त्यानं ती हिसकावूनच घेतली. त्याचंही बरोबर होतं. आतली तबकडी मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते आणि लिहिणारं-वाचणारं हेड तिला न टेकता, जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस ८० हजार ते लाखभर नॅनोमीटर जाड. म्हणजे माझ्या डोक्यावर जे काही उरलंय त्यातल्या एका केसाचे उभे वीस हजार काप केले, तर त्यातला एखादा काप कसाबसा त्या फटीत शिरेल. (काप करायला केस मिळणार नाही, ही गोष्ट वेगळी.)

पण त्या गृहस्थांना हसण्यात अर्थ नाही. जी वस्तू घरादाराचे फोटो जन्मभर सांभाळणार, तिची खात्री करून घ्यायला आपल्या हाती दुसरं असतं तरी काय? रंग काळा. आकार खिशात मावेल एवढा. वास नाही, चव बघायची रीत नाही. खोक्यावर ‘रिलायबल’ असं लिहिलेलं असतं, पण ते सगळ्याच खोक्यांवर असतं.

आमच्याकडे डिस्क घ्यायची वेळ आली ती लग्नाच्या कॅसेटींमुळे. व्हीएचएसच्या त्या ठोकळ्यांना बुरशी धरू लागली, तेव्हा मेहुणीनं पुढाकार घेऊन तिचं लग्न, आमचं लग्न आणि सासूबाईंची पंच्याहत्तरी असा सगळा ऐवज एका स्टुडिओतून डिजिटल करून आणला. त्यात प्रत्येकाच्या फोनमधले फोटो. एकट्या सासूबाईंच्या पुरणपोळीचे शंभर असतील. बायकोनं बजेट जाहीर केलं : सहा हजार, आणि त्यातून येण्याजाण्याचं भाडं सुटलं पाहिजे.

मग मी चारचौघांना विचारायला सुरुवात केली. हार्ड डिस्कबद्दल मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आमचे साडू बँकेतून निवृत्त झालेत, पण आवाजातून ऑडिट गेलेलं नाही. ते म्हणाले, ‘‘डोळे मिटून अमुक कंपनीची घ्या. माझी दहा वर्षं चालू आहे.’’ सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. त्यांनी त्याच कंपनीचं नाव ऐकून पिशवी खाली ठेवली. ‘‘फुकट दिली तरी घेऊ नका हो! आठ महिन्यांत टकटक सुरू झाली आणि नवव्यात डेटा उडाला. तमुक घ्या, तमुक.’’ (कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. दोघंही दिवाळीला आमच्याकडे फराळाला येतात.) दोघांच्या अभ्यासाचा आवाका पाहिला तर एकेक डिस्क. साडूंची एक चालली, सेक्रेटरींची एक गेली. पण एवढ्या भांडवलावर दोघंही ज्या ठामपणे बोलत होते, तेवढा ठामपणा मी हवामान खात्याकडूनही ऐकलेला नाही.

माझ्या ऑफिसातले एक जुने सहकारी तर अजूनही मॅक्सटरवर राग धरून आहेत आणि सॅमसंगच्या डिस्कचं नाव काढलं की हळवे होतात. त्यांना कसं सांगणार? हा धंदा आजवर दोनशेच्या वर कंपन्यांनी करून पाहिला, आता उरल्या तीन : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. क्वांटमच्या डिस्क मॅक्सटरनं गिळल्या, मॅक्सटरला २००६ मध्ये सीगेटनं गिळलं आणि सॅमसंगचा डिस्कविभागही २०११ मध्ये सीगेटच्याच पोटात गेला. आयबीएमचा हिताचीकडे आणि हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. म्हणजे आमच्या सहकाऱ्यांचं प्रेम आणि द्वेष गेली कित्येक वर्षं एकाच पत्त्यावर पोचतोय. बाजारात याशिवाय जी चकचकीत नावं दिसतात, एडेटा, ट्रान्सेंड वगैरे, त्यांच्या डबीतही डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी असते. डबी त्यांची, रंग त्यांचा.

माणसांना कंटाळून मी कागदपत्रांकडे वळलो. महागड्या डिस्कच्या माहितीपत्रकात एमटीबीएफ नावाचा एक आकडा असतो, दोन बिघाडांमधला सरासरी काळ. तो बहुधा दहा लाख तास किंवा त्याहूनही जास्त. दहा लाख तासांना मी आधी चोवीसनं आणि मग ३६५ नं भागलं. ११४ वर्षे आली. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले त्या दिवशी कुणी डिस्क चालू केली असती, तर ती आत्ता कुठे थकायला लागली असती. मी खूश होऊन हे घरी वाचून दाखवलं. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, डिस्कचा शोध लागलाय १९५६ मध्ये. ११४ वर्षं मोजली कुणी?’’

अर्थ तसा नसतोच मुळी. हजार डिस्क एकदम चालवल्या तर दर हजार तासांनी, म्हणजे साधारण दीड महिन्यानं, त्यातली एक जाईल, एवढंच तो आकडा बोलतो. हजारात वर्षाला नऊच्या आसपास. आपल्याला हजार नको असतात, एक हवी असते, आणि ती त्या नवांमधली आहे का, यावर माहितीपत्रक मौन पाळतं. त्यातून हे नऊही कागदावरचे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये लाखभर डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला शेकडा दोन ते चार बदलाव्या लागतात असं दिसलं, आणि एके ठिकाणी तर तेरा. त्याच अभ्यासातली एक ओळ मात्र मी मोठ्या अक्षरांत लिहून बायकोपुढे ठेवली : महागड्या जातीच्या आणि साध्या सॅटा डिस्कच्या बिघाडात फारसा फरक आढळला नाही. तिनं ती वाचली आणि म्हणाली, ‘‘मग सहा हजार तरी कशाला?’’

स्वस्त डिस्कच्या कागदावर तो ११४ वर्षांचा आकडा बहुधा नसतोच. सीगेटच्या बाराकुडा जातीच्या डिस्कच्या कागदावर त्याऐवजी वर्षाला २,४०० तास चालवण्याचा हिशेब दिलेला असतो. आठ तासांचा दिवस धरला तर तीनशे दिवस. रविवार सुटी, गणपतीला सुटी, दिवाळीला सुटी. मला जरा असूयाच वाटली.

खरी माहिती हवी असेल तर ज्यानं डिस्क हजारांनी घेतल्या आणि हजारांनी मारल्या, त्यालाच विचारायला हवं. असा एकजण कॅलिफोर्नियात आहे. बॅकब्लेझ नावाची ही कंपनी लोकांचा बॅकअप स्वतःकडे ठेवते. २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, बँकॉकच्या उत्तरेचे डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर सुट्या डिस्कचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. मात्र दुकानांच्या फडताळांवर ठेवलेल्या, डबीत घातलेल्या एक्स्टर्नल डिस्क त्या मानानं स्वस्त होत्या. मग या कंपनीच्या माणसांनी कॉस्टको आणि बेस्ट बायच्या दुकानांमध्ये खेटे घालायला सुरुवात केली. माणशी दोनच मिळायच्या, म्हणून बायको, मेव्हणे, मित्र सगळ्यांना कामाला लावलं. काही दुकानांनी त्यांना यायचीच बंदी केली. आणलेल्या डिस्क डबी फोडून बाहेर काढायच्या आणि सर्व्हरात बसवायच्या. हे वाचून मला त्या कंपनीबद्दल मनापासून आपुलकी वाटली. साखरेच्या रांगेत घरातलं प्रत्येक डोकं उभं करायची विद्या आपल्याचकडे आहे असा माझा समज होता.

२०१३ पासून ही मंडळी आपल्या डिस्कच्या मर्तिकाची नोंदवही जगापुढे ठेवताहेत, मॉडेलवार. अलीकडची सरासरी वर्षाला शेकडा दीडच्या आसपास आहे. पण सरासरी सोडा, मॉडेलं बघा. सीगेटच्या तीन टीबीच्या एका मॉडेलनं त्यांच्याकडे असा काही सपाटा लावला की २०१५ पर्यंत त्यातल्या बहुतेक सेवेतून गेलेल्या होत्या. त्याच सीगेटची चार टीबीची मॉडेलं त्याच खोल्यांमध्ये, त्याच फडताळांवर निमूट काम करत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की साडू आणि सेक्रेटरी दोघंही खरं बोलत असणार, आणि दोघांच्याही खऱ्याचा मला काडीचा उपयोग नाही. कंपनी विचारून भागत नाही, मॉडेल विचारलं पाहिजे.

मी नोंदवहीतून चार वर्षं तग धरलेलं एक मॉडेल निवडलं, त्याचा लांबलचक क्रमांक चिठ्ठीवर लिहिला आणि ग्रँट रोडला उतरलो. दुकानदारानं चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली आणि शेजारच्या पोऱ्याला दाखवली. मग दोघं हसले.

‘‘साहब, ये तो कब का बंद हो गया.’’

हा घोळ मुळातूनच आहे. एखादं मॉडेल टिकाऊ आहे की नाही हे कळायला तीन-चार वर्षं जावी लागतात, आणि तोवर कारखान्यानं ते बनवणं बंद केलेलं असतं. नवं मॉडेल येतं तेव्हा त्याच्याबद्दल परीक्षण लिहिणारे सांगतात ते वेगाबद्दल. आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी २००० मध्ये आली तेव्हा तिच्या वेगाची कोण वाहवा झाली! वर्षभरात लोक तिला डेथस्टार म्हणू लागले, २००१ मध्ये ग्राहक कोर्टात गेले आणि थोड्याच दिवसांत आयबीएमनं हा धंदाच विकून टाकला. घरपोच मागवणाऱ्यांचे अभिप्राय तर वाचूच नयेत. पाच तारे देणाऱ्यानं डिस्क अजून जोडलेलीही नसते. ‘पॅकिंग उत्तम, डिलिव्हरी बॉय नम्र’ एवढ्यावर तो तारे उधळतो.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, डिस्कचे दोन वर्ग आहेत : ‘नया’ आणि ‘चलेगा’. ‘चलेगा’ची किंमत निम्मी असते, म्हणून मीही तिकडे वळून बघितलं. दुकानदारानं एक सुटी डिस्क स्टँडमध्ये खोचली आणि संगणकावर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. हा कार्यक्रम डिस्कच्या पोटातली नोंदवही वाचतो. पिवळ्या चौकटीत ‘कॉशन’ असं आलं. दुकानदारानं ते बोटानं झाकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता फक्त पैसे काढायचे बाकी आहेत.

मी उजवीकडच्या कोपऱ्यातले चालू तास वाचले. २६ हजारांच्या वर.

‘‘ही तर तीन वर्षं अहोरात्र चाललीय.’’

‘‘नहीं सर, वो तो कंपनी टेस्टिंग का है.’’

तीन वर्षं टेस्टिंग करून मगच माल बाहेर सोडणारी ती कंपनी कुठली, हे विचारायचा मोह मी आवरला. लेबलाचा रंग जांभळा होता. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये बसतात त्या जातीची डिस्क. कुठल्या तरी सोसायटीच्या फाटकाकडे तीन वर्षं टक लावून बसली होती बिचारी. खालच्या यादीत मी ०५, सी५ आणि सी६ या ओळी शोधल्या. बदललेले सेक्टर, बदलायच्या बेतात असलेले सेक्टर आणि हात टेकलेले सेक्टर, अशी ती तीन खाती. तिथे सगळी शून्यं हवीत. सी५ मध्ये शून्याच्या माळेच्या शेवटी एक आठ होता. दुकानदार म्हणाला, ‘‘इतना तो चलता है.’’ गूगलनं आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा हिशेब २००७ मध्ये मांडला होता. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत दगावण्याची शक्यता धडधाकट डिस्कच्या ३९ पट, असं त्यात निघालं. हे दुकानदाराला सांगावं असं वाटलं, पण मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

बरं, सगळी शून्यं दिसली म्हणून सुटलो असंही नाही. गूगलच्याच हिशेबात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या महत्त्वाच्या चार खात्यांवर शेवटपर्यंत एकही डाग नव्हता. आदल्या दिवशीपर्यंत निळ्या चौकटीत ‘गुड’, दुसऱ्या दिवशी टकटक. शिवाय तासांचं खातंही पुसता येतं. चिया नावाच्या आभासी चलनासाठी लोकांनी ढिगांनी डिस्क राबवल्या, आणि तो नाद ओसरल्यावर त्याच डिस्क शून्य तास दाखवत युरोपात नव्या म्हणून विकल्या गेल्याचं २०२५ च्या सुरुवातीला उघड झालं. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंद असते. तिला हात लावायचं विसरले, म्हणून चोरी पकडली गेली. वय लपवताना दहावीचा दाखला फाडायचा राहिला की असंच होतं.

भाच्याचं मत असं की या कटकटीत पडूच नये. त्यानं घरबसल्या १६ टीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, अठराशे रुपयांत मागवली होती आणि ती संगणकात खरोखरच १६ टीबी दाखवत होती. दोन-तीन ट्रेकचे व्हिडिओ त्यात नीट बसले. पुढचे टाकल्यावर आधीचे उघडेनात. मी ती स्क्रू काढून उघडली. आत मोबाइलमध्ये बसतं तसं एक मेमरी कार्ड गोंदानं चिकटवलेलं होतं, आणि हाताला वजन लागावं म्हणून लोखंडाची एक पट्टी. पट्टीची क्वालिटी चांगली होती.

शेवटी ‘नया’ विभागात आलो. नव्या डिस्कची पारख म्हणजे तिच्यापेक्षा तिच्या कागदांची पारख. सील बघायचं, जीएसटीचं बिल मागायचं (‘‘बिना बिल लो ना साहब, कम कर देता हूँ’’ याला बळी पडायचं नाही), आणि लेबलावरचा सिरियल नंबर तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर घालायचा. वॉरंटी कधीपर्यंत हे तिथे येतं. कधी असंही येतं की ही डिस्क अमक्या संगणक कंपनीला घाऊक विकलेली आहे, तिलाच विचारा. मग ती जागच्या जागी परत करायची. वॉरंटीची वर्षं मात्र नीट मोजावीत. माहितीपत्रक ११४ वर्षांबद्दल बोलतं आणि वॉरंटी जेमतेम काही वर्षांवर येऊन थांबते. थायलंडच्या पुरानंतर सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल दोघांनीही बऱ्याच डिस्कची वॉरंटी कमी केली होती. आपल्या मालावर किती विश्वास आहे हे कंपनी जाहिरातीत सांगत नाही, वॉरंटीत सांगते.

हे सगळं मी घरी समजावून सांगितलं. बायको शेंगा सोलत ऐकत होती.

‘‘अहो, पण वॉरंटीत गेली तर काय देतात?’’

‘‘दुसरी डिस्क. बऱ्याचदा दुरुस्त केलेली, पण देतात.’’

‘‘आणि आईच्या पंच्याहत्तरीचं?’’

‘‘ते नाही देत.’’

‘‘मग दोन घ्या की!’’

‘‘बजेट सहा हजार आहे.’’

‘‘ठरवलं कुणी? मीच ना? मग मीच मोडते.’’

सगळ्या अभ्यासातून मला जे सुचलं नव्हतं ते तिला शेंगा सोलताना सुचलं. मी माझी अक्कल एवढीच घातली की दोन्ही एकाच कंपनीच्या घेतल्या नाहीत. एकाच खोक्यातून आलेल्या दोन डिस्क एकाच दोषानं एकाच आठवड्यात गेल्याच्या कहाण्या या धंद्यातले लोक सांगतात. तेव्हा एक साडूंच्या कंपनीची आणि एक सेक्रेटरींच्या, दोन्ही एकेक टीबीच्या. घरी आल्यावर लगेच फोटो टाकले नाहीत. काही डिस्क अगदी कोवळ्या वयातच मरतात. म्हणून पहिल्या रात्री दोन्ही काठोकाठ निरर्थक मजकुरानं भरल्या आणि तो परत वाचून घेतला. एक टीबी लिहायला तीन तासांच्या आसपास, वाचायला तेवढेच. मी जागा राहिलो नाही. डिस्क राहिल्या.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी साडू आणि सेक्रेटरी एकदमच आले. वेगवेगळे आले असते तर प्रत्येकाला त्याचीच डिस्क दाखवायचा माझा बेत होता, तो फसला. दोन्ही टेबलावर ठेवाव्या लागल्या. साडूंनी सेक्रेटरींच्या कंपनीची डिस्क दोन बोटांनी उचलली आणि ‘‘हिच्यावर महत्त्वाचं काही ठेवू नका’’ असं म्हणून खाली ठेवली. सेक्रेटरींनी चकली मोडता मोडता साडूंच्या डिस्ककडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘बिल जपून ठेवलंय ना?’’

वातावरण तापायच्या आत भाचा आतून आला. टेबलावर बघून म्हणाला, ‘‘मामा, आता हार्ड डिस्क कोण घेतं? एसएसडी घ्यायची.’’

साडू आणि सेक्रेटरी एकाच वेळी त्याच्याकडे वळले. ‘‘तुझ्या त्या १६ टीबीचं काय झालं रे?’’